कुंपणातला आणि उतारावरचा

आमच्या क्वार्टरच्या मागे दोन पक्षी राहायचे आणि अख्खी कॉलनी त्यांना एकच समजायची. सतराव्या वर्षी मला ह्या गोष्टीचा जेवढा राग आला, तेवढा पुढे कुठल्या धरण्यावर, कुठल्या साहेबाच्या बंद दारासमोरसुद्धा आला नाही. दोघे मातकट रंगाचे, दोघे चिमणीहून बारीक, दोघांची शेपूट अंगाच्या मानाने लांब आणि सतत हलणारी. पुस्तकात एकाचं नाव साधा वटवट्या, दुसऱ्याचं रान वटवट्या. कॉलनीत दोघेही 'वो छोटी चिड़िया'. हे प्रकरण लिहायला बसले तेव्हा आई मागून डोकावून म्हणाली, "सव्वीस वर्षांची झाली नाही तर आत्मचरित्र लिहून राहिली. अजून झालंच काय तुझं?" मी म्हटलं, "दोन पक्षी झाले." ती म्हणाली, "ते तर मलाबी माहीत आहेत," आणि कुकर बघायला गेली. माहीत आहेत! आज माहीत आहेत. त्या वर्षी काय अवस्था होती, ते मी लिहिते.

जबलपुरात कांचघरचा बाजार संपला की रस्ता जरा चढतो आणि फॅक्टरीच्या क्वार्टरांच्या रांगा लागतात. आमची रांग शेवटची. आमच्या रांगेत अमरावती, वर्धा, यवतमाळकडची आठ-दहा मराठी घरं होती. आजोबा-पणजोबा कधीतरी नोकरीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि उंबरठ्यावर दोन्हीची भेळ. सकाळी फॅक्टरीचा भोंगा वाजायचा, मग स्कूटरी सुरू व्हायच्या, मग बायकांचे आवाज मोकळे व्हायचे. अकराच्या सुमारास लांबच्या रेंजवर फॅक्टरीत बनलेले तोफगोळे तपासायला उडवायचे. धाड्‌! खिडकीची काच थरथरायची, मांडणीवरच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. आई वरणाला फोडणी देत असली तर न बघता डावा हात पातेल्याच्या झाकणावर ठेवायची. गावाहून आलेले पाहुणे दचकून उभे राहायचे आणि आम्ही त्यांना बघून हसायचो. आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही. पुण्याची एक मैत्रीण मला म्हणाली होती, "तुमच्याकडे भांडण चाललंय का?" बाई, चहा पिऊन राहिलो आम्ही.

रांगेच्या मागे मेंदीचं कुंपण, कुंपणापलीकडे नाला, आणि नाल्यापलीकडे उतार. जबलपुरात जसे काळे गुळगुळीत दगड जिथे तिथे बसलेले असतात तसे तिथेही होते, म्हशी पाण्यात बसाव्या तसे. दगडांच्या मधे बोरीची काटेरी झुडपं आणि कमरेच्या वर गेलेलं कांस गवत. पावसाळा ओसरला की कांसाला पांढरे तुरे येतात आणि सगळा उतार म्हातारा झाल्यासारखा दिसतो. ह्या जागेला कॉलनीच्या नकाशात 'रिकामी जागा' असं नाव आहे. रिकामी! पत्रकं लिहायला मी शिकले ती ह्या एका शब्दामुळे शिकले, असं म्हटलं तरी चालेल. राइट टाउनमध्ये एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत आमचा छोटासा गट जमायचा, झाडं वाचवणारा, नाले वाचवणारा, जे दिसेल ते वाचवणारा. तिथली एक दीदी आम्हाला पत्रक लिहायला शिकवायची. पहिल्या ओळीत माणूस थांबला पाहिजे, दुसऱ्या ओळीत तो चिडला पाहिजे, तिसऱ्या ओळीत त्याला कळलं पाहिजे की आता काय करायचं. चौथी ओळ लिहिलीस तर कागद फुकट. मी अजूनही तसंच लिहिते. हे आत्मकथन लांबलंय, ते दीदीला दाखवणार नाही.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला आमच्या रांगेत भुलाबाई बसायची. विदर्भातल्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. मातीचे भुलोजी आणि भुलाबाई, मधे छोटासा गणपती, वर ज्वारीच्या धांड्यांचा मखर, आणि महिनाभर, कोजागिरीपर्यंत, रोज संध्याकाळी एकेका घरी मुलींनी जमून गाणी म्हणायची, टिपऱ्या खेळायच्या. पण खरी मजा नंतर. घरची बाई बंद डबा घेऊन यायची आणि आत खाऊ काय आहे ते ओळखायचं. डबा उघडायचा नाही, वास घ्यायचा नाही. फक्त हलवायचा आणि ऐकायचं. फुटाणे खडखडतात. मुरमुरे सरसरतात. शंकरपाळ्यांचा आवाज कोरडा आणि टोकदार, खारे शेंगदाणे जरा लबाड, फुटाण्यांसारखे सुरू होतात आणि शेवटी मऊ पडतात. लाडू नुसता ठक्‌ करतो, पण रव्याचा लाडू आणि बेसनाचा लाडू ठक्‌ करण्यात फरक आहे. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. आमच्या रांगेतली कुठलीही मुलगी हे डोळे मिटून सांगायची. मुली कमीच राहिल्या होत्या, म्हणून मोठ्या बायकाही खेळायच्या, आणि शेजारच्या शुक्लांची दीपिका यायची, जी गाण्याचा एक शब्द समजत नसूनही सगळ्यात मोठ्याने म्हणायची आणि खाऊ मात्र शुद्ध मराठीत मागायची. आई डब्यात लबाड्या करायची. करंज्या पंच्यात गुंडाळून ठेवायची, चिवड्यात मुद्दाम एक सुपारी टाकायची. पण समोरच्या क्वार्टरमधल्या रोकडे काकूंना कुणी कधी फसवू शकलं नाही. काकू डबा एकदाच हलवायच्या, मान कलती करायच्या आणि म्हणायच्या, "खोबऱ्याची वडी हाय. अन् थोडी ओली राहिली, बरं का."

तर त्या वर्षी भुलाबाईच्या सकाळी मखराला धांडे मिळेनात. बाबा घमापुरातल्या बाजारात जाऊन हात हलवत परत आले. म्हणाले, "मक्याचे चालतील का? तेबी नाही मिळाले, पण विचारून ठेवतो." आईने कपाळावर हात मारला, विळा घेतला आणि म्हणाली, "चल अशू, कांस कापून आणू." नाला ओलांडून आम्ही उतारावर गेलो. आई सरळ एका दगडाच्या पायथ्याशी गेली, जिथे बोरीचं झुडूप आणि कांस एकमेकांत गुंतले होते. तिने डाव्या हातात कांसाचा झुबका धरला, विळा लावला, आणि झुबक्यातून एक पक्षी निघून तिच्या कानाजवळून गेला. आई ओरडली. पक्षी तिच्याहून जास्त ओरडला. बोरीच्या शेंड्यावर बसून, शेपूट आपटत, आम्हाला जे काही बोलला ते लिहिण्यासारखं नसावं. मी गवत जरासं बाजूला केलं. आत गवताचाच विणलेला गोळा होता, नारळाएवढा, बाजूला तोंड असलेला, आणि त्या तोंडातून आत अंडी दिसत होती. आईने विळा खाली ठेवला. बाजूला केलेलं गवत तिने दोन्ही हातांनी परत जुळवलं. मग म्हणाली, "माझ्या हातून झालं असतं गं." त्या वर्षी आमच्या भुलाबाईचा मखर जुन्या छत्रीच्या काड्यांचा होता. काळा. भुलोजी त्यात पावसात सापडल्यासारखे दिसत होते.

तो पक्षी रान वटवट्या होता. कुंपणातल्यापेक्षा किंचित मोठा, चोच जाड, आणि डोळ्यावरची पांढुरकी भुवई कुंपणातल्यासारखी ठळक नाही. साधा वटवट्या मेंदीच्या कुंपणात, नाल्याच्या काठी, लोकांच्या वांग्यांच्या वाफ्यातसुद्धा राहतो. माणसांची त्याला सवय आहे. रान वटवट्या असा वाफ्यात येत नाही. त्याला कोरडा, दगडांचा, काटेरी माळ पाहिजे. हा पक्षी गेला की 'इथलं उंच गवत राहू द्या' असं म्हणणारं तिथे कुणी उरत नाही. आणि ते मला कळलं त्याच आठवड्यात रोकडे काकांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी, जे कॉलनीच्या समितीचे सेक्रेटरी होते, जाहीर केलं की ह्या नवरात्रात गरबा उतारावर होणार. घट बसायच्या आधी जेसीबी येईल, झुडपं काढेल, उतार सपाट करेल.

रोकडे काका वाईट माणूस नव्हते, हे लिहायला मला अजून जड जातं, कारण पत्रकात वाईट माणूस लागतो. अख्खी नोकरी त्यांनी रेंजवर काढली होती. उंच, ताठ, मिशीवाले, आणि कुणाचंही ऐकून न घेणारे. तुम्ही एक वाक्य बोललात की ते त्याचं उत्तर न देता स्वतःचं दुसरं वाक्य बोलायचे. मला वाटायचं हा सेक्रेटरीपणाचा माज आहे. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की उतारावर घरटं आहे, आठ-दहा दिवसांत पिल्लं निघतील, मग उडायला अजून तेवढेच. काका म्हणाले, "ती चिडिया? ती तर आमच्या मेंदीत राहते. इथून तिथं जाईल."

"काका, ती ही नाही. ही वेगळी आहे."

"अरे, रोज बघतो मी तिला. सकाळी चहा पितो तेव्हा समोर बसते. चोच उघडते, बंद करते. आवाज नाही. मुका पक्षी आहे बिचारा. त्याला काय फरक पडते, इथं राहिला काय अन् तिथं राहिला काय."

मुका! ज्याचं नाव वटवट्या, जो पहाटेपासून कुंपणात टिरटिर लावतो, त्याला हा माणूस माझ्या तोंडावर मुका म्हणतो! मला वाटलं काका माझी थट्टा करून राहिले. मी घरी येऊन त्या संतापात पत्रक लिहिलं. पहिली ओळ, हिंदीत, जाड अक्षरात: 'एक नहीं, दो हैं!' दुसरी ओळ: 'एक को आप जानते हैं, दूसरे को आप उजाड़ने जा रहे हैं।' तिसरी: 'गरबा मैदान में, जेसीबी गैराज में।' अजूनही मला ते पत्रक आवडतं. कॉलनीच्या प्रत्येक दारात मी ते टाकलं, कांचघरच्या चौकात वाटलं. दुसऱ्या दिवशी दीपिका फुलकीच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यावरून आली, तिच्या हातातला द्रोण माझ्या पत्रकावर ठेवलेला. "दीदी, बहुत अच्छा लिखा है," ती म्हणाली. "पर दो क्या हैं, ये तो लिखा ही नहीं।"

समितीने मात्र पत्रक वाचलं. आणि त्यांना पक्ष्यांची इतकी दया आली की काकांनी घरटी बनवून घेतली. फॅक्टरीच्या लिलावात लोक माल भरायच्या लाकडी पेट्या विकत घेतात. आमच्या कॉलनीत कपाटं, पाट, देवघरं सगळी त्याच लाकडाची. त्याच फळ्यांची डझनभर खोकी ठोकून, हिरवा रंग देऊन, पुढे गोल भोक पाडून काकांनी ती कुंपणाला टांगली. एका घरट्याच्या बदल्यात डझनभर घरं! जो पक्षी स्वतःच्या चोचीने गवताचा धागा धागा विणून घर करतो, त्याला फळीचं क्वार्टर! बहुतेक ह्या लोकांना वाटलं की ज्याला ज्याला नोकरी नाही त्याला निदान क्वार्टर तरी द्यावं. एका खोक्यात पाल राहायला आली, दुसऱ्यात खार येऊन बघून गेली. बाबा म्हणाले, "चलो, खार तर खूश झाली." मी त्या दिवशी बाबांशी बोलले नाही.

मग मी फोटो काढले. दोघांचे, शेजारी शेजारी लावून, मोठे छापून समितीसमोर ठेवले. भुवई दाखवली, चोच दाखवली. काकांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "एकाच पक्ष्याचे दोन फोटो काढून आणले हिनं." सगळे हसले. मग काका जरा नरमले, माझा चेहरा बघून असावं. "हे बघ अशू. हे दोन आहेत असं तू मला पटवून दे. माझ्या मेंदीतला वेगळा अन् तो वेगळा, हे मला स्वतःला कळलं पाहिजे. मग तुझी पिल्लं उडेपर्यंत उताराला हात नाही लावत. शब्द देतो. पण नाही पटलं, तर सोमवारी जेसीबी." आणि खरं सांगू? फोटो बघताना मलाही दिसत होतं की हे डोळ्यांनी पटणारं काम नाही. डोळ्यांना ते एकच होते. मी त्यांना कधी डोळ्यांनी ओळखलंच नव्हतं.

ही गोष्ट मला रविवारी सकाळी, दात घासता घासता सुचली आणि मी तोंडातल्या फेसासकट हसले. कुंपणातला बोलतो तेव्हा बारीक, कोरडं, न थांबता टिर्र्र करतो, एखादा किडा असावा तसा. उतारावरचा मोठ्याने, ठसक्यात, दोन-दोन टप्प्यांनी बोलतो, परत परत, जसं कुणी तरी उतारावर उभं राहून तालात टाळ्या देतंय. हे मी कुठे शिकले? पुस्तकात तर नाही. मी फुटाणे आणि शेंगदाणे वेगळे काढायला शिकले तिथेच शिकले. मी आईचा फोन घेतला, आधी मेंदीजवळ उभी राहिले, मग नाला ओलांडून घरट्यापासून चांगली लांब, दगडावर बसले. दोघांचे आवाज घेतले. उतारावर अंड्यांची पिल्लं झाली होती. बाप-आई चोचीत अळ्या घेऊन ये-जा करत होते, आणि मधल्या वेळात बाप बोरीवर चढून जगाला सांगत होता की ही जागा रिकामी नाही.

त्या संध्याकाळी भुलाबाई नेमकी रोकड्यांच्या घरी होती. गाणी झाली, टिपऱ्या झाल्या, काकूंचा डबा फिरला. मुलींनी मुरमुऱ्याचे लाडू ओळखले. मग मी पोळ्यांचा स्टीलचा डबा पुढे केला. "आज एक डबा माझा आहे. हलवायचा नाही. नुसता कानाला लावायचा." आत फोन होता. मी पहिला आवाज लावून झाकण बंद केलं. डबा फिरायला लागला.

"बारीक शेव!"

"अय, मोहरी तडतडून राहिली."

"राजगिरा आहे, भाजताना असाच वाजते."

दीपिका म्हणाली, "आंटी, ये तो आपके मिक्सर का तार है।"

काकूंनी डबा घेतला, मान कलती केली आणि त्यांना हसू फुटलं. "अवं, हा तर आमच्या मेंदीतला हाय! सकाळी पोळ्या लाटताना रोज ऐकते मी याला. यानं बंद केलं की मला चुकल्यासारखं होते." मी झाकण उघडून दुसरा आवाज लावला. काकूंनी पुन्हा डबा घेतला. ह्या वेळी त्या हसल्या नाहीत. दोनदा ऐकलं. "हा आमचा नाही," त्या म्हणाल्या. "याला ताल हाय. टिपरी खेळल्यावानी. हा कोण वं?"

आई म्हणाली, "हाच तो. ज्याच्यावर मी विळा लावला होता."

काका व्हरांड्यात खुर्चीवर पेपर घेऊन बसले होते. "काय चाललं? तुम्ही बायका एकमेकींना सामील आहात," ते म्हणाले. "आणा इकडे. मला ऐकू द्या." मी पहिला आवाज लावला, झाकण घट्ट केलं आणि डबा त्यांच्या हातात दिला. मुली सगळ्या दारात गोळा झाल्या. काकांनी डबा उजव्या कानाला लावला. मग डाव्या कानाला. मग त्यांनी तो जोरात हलवला आणि आईचा फोन आत ठाणकन आपटला.

"रिकामा आहे," काका म्हणाले.

मुली फिदीफिदी हसल्या. दीपिका म्हणाली, "बज तो रहा है, अंकल!" डब्यातून टिर्र्र चालूच होतं, दारात उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"फोन आहे आत, कळलं मला. पण वाजून नाही राहिला. मला मूर्ख समजता काय?"

मी घाईघाईने दुसरा लावला. काकांनी परत डबा कानाला लावला, चिडूनच, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "हां! हा बोलून राहिला. हा चांगला बोलून राहिला!" मग त्यांनी डबा कानापासून दूर केला, परत लावला. मग माझ्याकडे बघितलं, आणि मग काकूंकडे. काकू हसत नव्हत्या. इतकी वर्षं रेंजवर गोळे उडताना हा माणूस जवळ उभा राहिला होता. बारीक आवाज त्याच्या कानातून कधी निघून गेले ते त्यालाच कळलं नव्हतं. मेंदीतला पक्षी मुका नव्हता. मला त्या क्षणी सगळं समजलं आणि मी तोंड उघडलं, कारण मी तोंड उघडल्याशिवाय राहत नाही. काकूंनी माझा दंड असा दाबला की दोन दिवस दुखला.

"चला," काकू मोठ्याने, हसऱ्या आवाजात म्हणाल्या, "झाला निकाल! सेक्रेटरी साहेबांनीच दिला. एक डबा रिकामा, एक भरलेला. मग दोन्ही एकच कसे असतील हो?"

"मी कुठं निकाल दिला?"

"आत्ताच नाही का दिला! साऱ्या पोरींनी ऐकला. बोला गं पोरींनो!"

पोरी ओरडल्या. आई हसायला लागली, मग काकाही हसले, आधी मिशीतल्या मिशीत आणि मग मोठ्याने, आणि लाडवांचं ताट दुसऱ्यांदा फिरलं. काका मात्र तो डबा बराच वेळ मांडीवर घेऊन बसले होते. आईने फोन मागितला तेव्हा म्हणाले, "थांबा जरा. परत लाव गं तो दुसरा."

सोमवारी सकाळी मी उतारावर गेले तर काका माझ्या आधी तिथे उभे. फॅक्टरीत जायच्या कपड्यांत, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट. मी खुणेने सांगितलं तेव्हा त्यांनी ते काढलं. बोरीच्या शेंड्यावर बाप आला आणि सुरू झाला. काका एकदम स्तब्ध. "हा तर मला ऐकू येते," ते म्हणाले, जणू कुणी तक्रार केली होती. "रोज बोलते?"

"पावसाळाभर बोलतो, काका."

"मग आतापर्यंत मी काहून नाही ऐकला?"

ह्याला पत्रकातलं उत्तर माझ्याकडे तयार होतं. ते मी दिलं नाही. म्हटलं, "तुम्ही हेल्मेट घालून जाता ना."

जेसीबी आला नाही. समितीच्या बैठकीत काकांनी सांगितलं की उतारावर नाग आहे, मोठा, स्वतः बघितला, त्यामुळे यंदा गरबा व्हॉलीबॉलच्या मैदानावर. नाग! दोन आठवडे मी घसा कोरडा करून खरं सांगत फिरले, फोटो छापले, पत्रकं वाटली, कुणी उतारावरून पाय मागे घेतला नाही. आणि एका खोट्या नागाने अख्खी कॉलनी चार हात लांब ठेवली! मी समितीला जाऊन सांगणार होते की नाग नाही, पक्षी आहे, आणि पक्षी पुरेसा आहे. आईने मला स्वयंपाकघरात कोंडायची धमकी दिली. "गप बस. तुला पिल्लं पाहिजेत का भाषण?" मी गप बसले. आजही मला तो नाग खुपतो. शहरभर पत्रकं वाटताना दर वेळी मनात येतं, ह्याच्यात एक नाग टाकावा का.

व्हॉलीबॉलच्या मैदानावर जागा एवढी कमी पडली की गरब्याचे दोन गोल एकमेकांत अडकले, टिपऱ्या चुकीच्या लोकांच्या टिपऱ्यांवर आपटल्या, बाबांना शुक्ला अंकलची टिपरी कोपरावर बसली आणि लोक अजून म्हणतात की त्या वर्षीसारखा गरबा पुन्हा झाला नाही. अष्टमीच्या सकाळी दीपिका धावत सांगायला आली की गवतातून काहीतरी बाहेर पडून राहिलंय. आई, काका, काकू, मी, सगळे नाल्याच्या अलीकडेच थांबलो. पिल्लं बोरीच्या फांदीवर ओळीने बसली होती, शेपट्या अजून तोकड्या, प्रत्येक जण पुढच्याला ढकलत. एक खाली पडलं, गवतात गडप झालं, आणि आम्ही सगळे एकदम पुढे वाकलो. मग ते दुसऱ्या झुडपावर, आधीपेक्षा वरच्या फांदीवर निघालं. बाप शेंड्यावर चढून असा काही बोलायला लागला की काकूंनी कानावर हात ठेवले. काकांनी नाही ठेवले. ते मला म्हणाले, "कोजागिरीनंतरबी उतार कापायचा नाही. नाग कुठं जाते एवढ्या लवकर." मी म्हटलं, "काका, पुढच्या पावसाळ्यात परत येईल तो." ते म्हणाले, "येईल ना. नाग जुनी जागा सोडत नाही."

नंतर चहा काकूंकडे झाला, व्हरांड्यात. मेंदीच्या फांदीवर तो दुसरा, साधा, येऊन बसला, चोच उघडली आणि टिर्र्र सुरू केलं. काका त्याच्याकडे बघत होते. "बोलून राहिला काय?" त्यांनी विचारलं. काकूंनी कप खाली ठेवला, त्यांचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि हाताच्या पाठीवर एका बोटाच्या नखाने भराभर, बारीक, न थांबता टकटक करायला सुरुवात केली. पक्षी थांबला की बोट थांबायचं, तो सुरू झाला की पुन्हा सुरू. काकांनी डोळे मिटले होते.

"एवढा वेळ?" बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "श्वास तरी घेते का हा?"

"सेक्रेटरी असंल," काकू म्हणाल्या, आणि बोट थांबवलं नाही.